बिनपत्त्याचा नवस

आमच्या घरात देव नाही. ही तक्रार नाही, पुढचं नीट कळावं म्हणून आधीच सांगून ठेवते. नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा माझी आजी, शांताबाई, वडिलांचं बोट धरून अकोल्याकडच्या गावाहून तिथे गेली होती. परत आल्यावर त्यांच्या घरातले सगळे देव नदीत गेले आणि तेव्हापासून आमच्याकडे उपास नाही, अंगारा नाही, नवस नाही. बोरिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत आणि समोरच्या भिंतीवर माझ्या भावाची फ्रेम केलेली जर्सी आहे. बुद्धांकडेही काही मागायचं नाही. आजी म्हणते, ते रस्ता दाखवून गेले, चालायचं आपलं आपण.

मग घरात काही चांगलं झालं तर आभार कोणाचे मानायचे? हा प्रश्न आजीने तिच्यापुरता सोडवून टाकलाय. ज्याने केलं त्याचे. दहावीला मला गणितात बरे मार्क पडले तेव्हा ती बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन क्लासच्या सरांच्या दारात उभी राहिली होती. सर बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, भांडायला आलीय.

माझा भाऊ प्रबुद्ध फुटबॉल खेळतो. पोटापाण्यासाठी खेळतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजून पटत नाही. आधी मुंबईची लीग, मग गोवा, मग कोलकाता, आणि आता चार वर्षं उझबेकिस्तानात, समरकंदजवळच्या एका गावाच्या क्लबकडून. मिडफिल्डर आहे. गोल किती मारले असं कोणी विचारलं की आमची पंचाईत होते, कारण तो गोल मारत नाही, मारणाऱ्याला बॉल देतो. माझी आई यावर एकच उत्तर द्यायची. "मिडफिल्डर म्हणजे घरातली बाई. सगळ्यांना वाढते, आणि जेवण झकास झालं की पाहुणे वाहवा करतात पाटावर बसलेल्याची."

आईला फुटबॉल कळतो. आमच्या घरात तिच्याइतका कोणालाच कळत नाही. ती महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स आहे. दादा लहान असताना रात्रपाळी करून आलेली आई तशीच त्याला मॅचला घेऊन जायची, मैदानाच्या कडेला पेपर अंथरून बसायची, आणि झोप येऊ नये म्हणून खेळ समजून घ्यायची. तिथेच ती शिकली. पुढे दादा लांब गेला, ड्युट्या सुटेनात, मग ती फोनवर मॅच बघायला लागली. कुठून कुठून लिंक शोधायची. मॅच संपली की त्याला फोन करून सांगायची, तू डावीकडे बघतच नाहीस, मान आहे ना तुला?

दोन वर्षांपूर्वी दादाचा उजवा गुडघा गेला. आई तेव्हा बघत होती. तो वळला, पाय जागेवरच राहिला आणि तो खाली बसला. कोणी धक्काही दिला नव्हता. ताश्कंदला ऑपरेशन झालं, लिगामेंट नवीन बसवलं, आणि तब्बल दहा महिन्यांनी तो मैदानात उतरला. आजीने त्या सर्जनला व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि सरळ वऱ्हाडीत बोलली, "डॉक्टर, आमच्या लेकराले पायावर उभं केलं, तुमचं भलं होवो." दादाने भाषांतर करायच्या आधीच त्या माणसाने छातीवर हात ठेवला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण कळलं.

फक्त आईचं काहीतरी बिनसलं. दादा परत खेळायला लागला त्या दिवसापासून तिने मॅच बघणं बंद केलं. मॅच लागली की ती भांडी घासायला घ्यायची, नाहीतर गच्चीवर जायची. आम्हाला वाटलं, भीती बसली असेल. पप्पा म्हणाले, होईल हळूहळू. झालं नाही. दादाने फोनवर विचारलं की ती नेटचं नाव पुढे करायची. आमचं नेट उत्तम चालतं, हे दादाला माहीत होतं. तो विषय बदलायचा. त्याला लागत होतं, हे मला त्यातूनच कळायचं.

आणि मग यंदा आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेचा ड्रॉ निघाला. दादाचा क्लब आणि आपला मुंबईचा क्लब एकाच गटात. सामना अंधेरीला.

दादाचा फोन आला तेव्हा पप्पा उभेच राहिले. बेस्टमध्ये आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, सहसा भावना दाखवत नाही, पण फोन कानाला लावून ते नुसते "अंधेरी? आपली अंधेरी?" एवढंच म्हणत राहिले. दादा मला म्हणाला, "मनाली, चार तिकिटं पाठवतोय. मी आता एकतीसचा आहे. मुंबईत पुन्हा खेळायला मिळेल असं नाही वाटत. आईने मला समोर बसून खेळताना बघून चौदा वर्षं झाली. तेवढं कर. तिला घेऊन ये."

मी आईला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. तिने घडी थांबवली नाही.

"मला ड्युटी आहे," ती म्हणाली.

"तारीख तरी ऐक."

"कुठलीही असू दे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आई, हद्द झाली. तुझा मुलगा अर्ध्या तासावर खेळणार आणि तू इथे बसून पापड भाजणार? असं काय केलंय त्याने?" आई रडायला लागली. आई रडते तेव्हा आवाज करत नाही, वॉर्डात सवय झालेली. आजी आतून आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काऊन वं नीलम? काय झालं ते सांग. पोरगी ओरडते तर ओरडू दे."

मग ते बाहेर पडलं. दादा पडला त्या संध्याकाळी फोनवरचं चित्र अडकलं होतं. तो खाली बसलेला, तोंड उघडं, आणि वर ते चक्र फिरतंय. नर्स असल्यामुळे आईला बसल्या जागी कळलं होतं काय तुटलंय. आणि त्या वेळी ती बोलून गेली: हा पुन्हा मैदानात उतरू दे, मी त्याची मॅच परत कधी बघणार नाही.

"म्हणजे नवस बोलली," आजी म्हणाली.

"हो."

मला हसावं की रडावं कळेना. आईचं माहेर घाटकोपरचं, तेही आमच्यासारखंच, देव नसलेलं. नवस कसा बोलतात हे तिने आयुष्यात फक्त वॉर्डाच्या बाहेर, पेशंटच्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांच्यात कोणी आंबा सोडतं, कोणी चप्पल सोडतं. सगळ्यात लाडकी गोष्ट सोडायची असते, एवढं तिला माहीत होतं. म्हणून तिने ती सोडली.

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण आजीने शांतपणे विचारलं, "कोणाले बोलली?"

"कोणाले म्हणजे?"

"नवस कोण्या तरी देवाले बोलतात ना. कोणाले बोलली?"

आई गोंधळली. तिने यावर कधी विचारच केला नव्हता. "कोणालाच नाही. असंच. वर बघून."

"वरच्या माळ्यावर तर नंदकुमार राह्यते," आजी म्हणाली.

मी हसले. आईसुद्धा रडता रडता हसली, आणि मग पुन्हा रडली. "आत्याबाई, तुम्हाला राग आला असेल," ती म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात.

"राग नाही. पण माह्यासंग बोलायचं होतं."

"तुम्ही म्हणाला असतात, डॉक्टरवर भरवसा ठेव. तो होताच. मी स्वतः लोकांना तेच सांगते. त्या वेळी तेवढा पुरत नव्हता."

आजीने उठून तिला पाणी आणून दिलं.

मी मात्र बोलले. मी म्हटलं, सोप्पं आहे, मोडून टाक. ज्याला बोललीच नाहीस त्याचं देणं कसलं? आई म्हणाली, शब्द दिलाय. मी म्हटलं, कोणाला? ती म्हणाली, तेच तर कळत नाही, म्हणून मोडता येत नाही. "पाय डॉक्टरने बरा केला, हे मला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं, मनाली. पण मी बघायला बसले आणि त्याला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

या विषयातलं आमच्या बिल्डिंगमधलं हायकोर्ट म्हणजे वरच्या कुंदाकाकू, त्याच नंदकुमारकाकांच्या पत्नी. नवस बोलणं, फेडणं, पुढे ढकलणं, सगळ्यात तयार. आजीच मला म्हणाली, जा, बोलावून आण. काकू आल्या, चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, एवढंच ना? ज्याला बोललीस त्याच्यासमोर जायचं, नारळ ठेवायचा, चूक झाली म्हणायचं, आणि याऐवजी दुसरं काहीतरी सोडते असं सांगायचं. करतात ना देव ॲडजस्ट."

"पण कोणासमोर जाऊ?" आईने विचारलं.

"म्हणजे?"

"नाव नाही घेतलं कुणाचं."

कुंदाकाकूंचा कप हवेतच राहिला. अशी केस त्यांच्याकडे कधी आली नव्हती. "अगं नीलम, बिनपत्त्याचं पाकीट टाकल्यासारखं झालं हे," त्या म्हणाल्या. "आता ते परत कुठून आणायचं?" मग त्यांनीच मनापासून सुचवलं, "आमच्या गणपतीला विचारू का? तो घेईल जबाबदारी."

"राहू द्या," आजी म्हणाली. "त्यानं काही केलं नाही. त्याले काऊन मधात ओढता?"

काकूंना राग आला नाही. उलट जाताना त्या दारात थांबून आईला म्हणाल्या, "मी असते तर मीही हेच सोडलं असतं गं. माझा केयूर बारावीला असताना मी चहा सोडला होता. तुझ्यापुढे तो काहीच नाही." आईला बरं वाटलं. आईपण सगळीकडे एकाच धर्माचं असतं की काय, असं मला तेव्हा वाटून गेलं.

मॅचच्या आदल्या दिवशी आजीने नवा मुद्दा काढला. सकाळी पोहे निवडता निवडता म्हणाली, "नीलम, तू नेमकं काय बोलली होती? जसंच्या तसं सांग."

"मॅच परत कधी बघणार नाही."

"बघणार नाही. जाणार नाही असं नाही ना बोलली?"

आईने मान वर केली.

"मग चाल. डोये मिटून बस. आपल्या लेकराच्या जवळ तर बसशील."

वकिलीचं शिक्षण मिळालं असतं तर आजीने भल्याभल्यांची वाट लावली असती. आईने दिवसभर विचार केला, संध्याकाळी निळी साडी इस्त्री केली, आणि मला विचारलं, "स्टेडियमला पायऱ्या फार आहेत का? आत्याबाईंना जमतील?" मला इतकं हलकं वाटलं की मी तिला उगाचच मिठी मारली.

जमल्या पायऱ्या. पप्पांचा हात धरून, मध्ये दोनदा थांबून आजी वर चढली. आमच्या जागा खालून चौथ्या रांगेत होत्या. दिवे लागलेले, गवत रंगवल्यासारखं हिरवं, सगळीकडे मुंबईच्या क्लबचे निळे झेंडे. समरकंदवाल्यांच्या बाजूने आम्ही चौघंच, आणि त्यात एकीने निळी साडी नेसलेली. दादा वॉर्मअपला आमच्या बाजूला आला, त्याने आम्हाला शोधलं आणि हात वर केला. तेवढ्यापुरतं आईने बघितलं. वॉर्मअप म्हणजे मॅच नव्हे, असं तिने मला आधीच बजावलं होतं.

शिटी वाजली आणि आईने डोळे मिटले. पदराचं टोक वरून धरलं. मागचा एक माणूस म्हणाला, "मावशींना बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे, नवस आहे. तो समजूतदारपणे गप्प झाला. या शहरात नवस म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

आता आईला खेळ सांगणार कोण? पप्पा नखं खात होते, त्यांचा उपयोग नव्हता. मी सुरुवात करणार तेवढ्यात आजीने मला कोपराने ढोसलं. "मी सांगते," ती म्हणाली. आजीने जन्मात फुटबॉलची मॅच पूर्ण बघितलेली नाही.

"तो इकडून तिकडे पयून राहिला," आजीने सुरुवात केली.

"कुठे?"

"मैदानात."

"आत्याबाई, मैदानात म्हणजे कुठे? पुढे की मागे?"

"आता उभा आहे. घाम पुसून राहिला. आता कोण्या पोट्ट्याले ओरडला. वाळला वं लेकरू, तिकडे जेवाले देत नाही वाटते."

"बॉल कोणाकडे आहे?"

"बॉल कोणापाशीच राहत नाही, काय सांगू. हा घेतो, तो घेतो."

आईचे डोळे मिटलेले होते, पण मान हलत होती. आवाज जिकडे जाईल तिकडे. अंग पुढे झुकलेलं. आजीचं चालूच. "आता तो लांब गेला. नाही, तो दुसरा आहे. सगळ्यांचे कपडे सारखेच. हां, हा आपला. पायात काहीतरी पिवळं घातलं त्यानं. आता त्याच्या मागून एक निळा पयते."

"कुठल्या बाजूने?"

"मागून."

"मागून डावीकडून की उजवीकडून? आणि प्रबुद्धचं तोंड कुठे आहे? तो बघतोय का त्याच्याकडे?"

"ते मले काय समजते? त्यालेच माहीत."

"अहो आत्याबाई, तुम्ही तरी काय सांगताय," असं म्हणून आईने वैतागून डोळे उघडले.

दादा आमच्या समोरच होता, पन्नासेक पावलांवर. त्याच्याकडे बॉल आला, मागून निळा खेळाडू आला, आणि दादा उजव्या पायावर वळला. त्याच गुडघ्यावर, तसाच, जसा त्या दिवशी वळला होता. पाय त्याच्याबरोबर वळला. निळा खेळाडू पुढे निघून गेला आणि दादाने दोघांच्या मधून बॉल असा सरकवला की पलीकडच्या पोराला फक्त पळायचं बाकी राहिलं. गोल झाला नाही, बॉल बाहेर गेला. आई मात्र "हां," एवढंच म्हणाली. लहानपणी तिला मैदानाच्या कडेला मी असंच म्हणताना ऐकलंय. दोन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता, आणि मला तो किती हवा होता हे मला तेव्हा कळलं.

तिचे डोळे परत मिटले नाहीत. ती विसरलीच. आजी गप्प झाली, पर्समधून बडीशेप काढून खाऊ लागली. आजीने ते सगळं मुद्दाम केलं का, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, मले खरंच काही समजत नव्हतं. मी अजून विश्वास ठेवलेला नाही.

आणि मग दादा पडला.

मुंबईचा पाच नंबर आडवा घसरत आला, बॉल चुकला आणि दादाचा पाय सापडला. दादा उडून पडला आणि दोन्ही हातांनी पाय धरून तसाच पडून राहिला. सगळं स्टेडियम ओरडायचं थांबलं. पप्पा उभे राहिले. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती डोळे मिटेल, आणि या वेळी मिटले तर ते या जन्मात त्याच्यासाठी उघडणार नाहीत.

आईने डोळे मिटले नाहीत. तिने पदर सोडला, दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर टेकले आणि वॉर्डात पेशंटकडे बघते तसं बघू लागली. "डावा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "गुडघा नाही, नडगी आहे. बोटं हलवतोय. ऊठ. ऊठ रे राजा."

तो पाच नंबर परत आला. वाकला, दादाशी काहीतरी बोलला, हात पुढे केला. दादाने तो धरला. त्या मुलाने त्याला ओढून उभं केलं, पाठीवर थाप मारली, आणि दादा दोन पावलं लंगडला, तिसरं नीट टाकलं, आणि पळाला.

आईने हात जोडले. वर वगैरे बघितलं नाही, सरळ समोर बघत जोडले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायची शुद्ध नव्हती.

"आता कोणाले?" आजीने विचारलं.

"त्या पाच नंबरला. उचललं त्याने."

"पाडलं पण त्यानंच."

"उचललं ना, आत्याबाई."

आजीला ते पटलं असावं. तिने बडीशेपेची पुडी माझ्या हातात दिली, हात झटकले, आणि तीसुद्धा हात जोडून बसली. पण तिचं तोंड मैदानाकडे नव्हतं, आईकडे होतं. आईने ते पाहिलं आणि दचकून तिचे हात धरायला गेली. सासूने सुनेला हात जोडलेले आमच्यात कोणी पाहिलेले नाहीत.

"आत्याबाई, हे काय करताय?"

आजीने हात सोडवून घेतले आणि पुन्हा जोडले. "मले माहीत आहे कोणाले जोडायचे ते," ती म्हणाली. "तू समोर पाहा. लेकरू खेळून राहिलं."